पारव्याची शेपटी आणि यंत्राचा दांत

आमच्या घरीं सागवानी लांकडाचें एक जुनें मेज आहे. त्याचा उजवीकडचा खण पावसाळ्यांत फुगून बसतो, उन्हाळ्यांत सैल होतो, आणि त्याला ओढतांना नेमका केवढा हिसका द्यावयाचा याची आपापली रीत घरांतील तीन पिढ्यांनीं बसविलेली आहे. परवां हा खण अगदींच हटून बसला, तेव्हां तो सबंध बाहेर काढून आम्हीं खिडकीच्या उजेडांत नेला. आणि त्याची पुढची फळी व बाजूची फळी जेथें एकमेकींस मिळतात, तो कोपरा आयुष्यांत प्रथमच नीट पाहिला. तेथें खिळा नव्हता, पट्टी नव्हती. बाजूच्या फळीच्या टोंकास पंख्यासारख्या पसरत गेलेल्या चार शेपट्या कापलेल्या होत्या, आणि त्या पुढच्या फळीच्या पोटांत तशाच आकाराच्या खांचांमध्यें बसविलेल्या होत्या. चारही शेपट्या सारख्या नव्हत्या; एक जरा रुंद, एक जरा कललेली. फळीवर सुतारानें टोंकदार हत्यारानें ओढलेली बारीक रेघ अजून दिसत होती. तीन पिढ्यांचे हिसके खाऊन लांकूड झिजलें, मूठ एकदां बदलली. पण तो कोपरा हलला नव्हता.

या एका सांध्याचा इतिहास म्हणजे माणसाचा हात आणि यंत्र यांच्यामधील दीर्घ वाटाघाटींचा इतिहास आहे, असें आम्हांस वाटतें. 'यंत्रानें कारागिरी मारली' असें एक मत आपण नेहमीं ऐकतों, आणि 'यंत्रानें माणसास कष्टांतून सोडविलें' असें दुसरें. दोन्ही मतें घाऊक आहेत. एखाद्या लहानशा वस्तूच्या बाबतींत नेमकें काय घडलें हें शोधूं लागलें, म्हणजे दोन्ही अपुरीं पडतात. म्हणून वाचकांस आम्ही या लेखापुरतें एका खणाच्या कोपऱ्याशीं थांबावयास सांगणार आहों.

प्रथम नांवाविषयीं. इंग्रज सुतार या सांध्यास 'डव्हटेल' म्हणतो, म्हणजे पारव्याची शेपटी. जर्मन आणि फ्रेंच सुतारांसही त्यांत शेपटीच दिसली, पण ती पाकोळीची. त्यांच्या भाषांतील नांवें त्या पक्ष्यावरून पडलीं आहेत. पक्षी कोणताही असो, युक्ति एकच आहे. शेपटी मुळाशीं अरुंद आणि टोंकाशीं रुंद. ती ज्या खांचेंत बसते ती खांच तोंडाशीं अरुंद आणि आंत रुंद. त्यामुळें दोन फळ्या एकाच दिशेनें एकमेकींत उतरतात, आणि त्या दिशेखेरीज दुसरीकडे कितीही ओढल्या तरी निघत नाहींत. खणाची मूठ धरून आपण पुढची फळी ओढतों तेव्हां सर्व ताण या कोपऱ्यावर येतो. आणि नेमक्या त्याच दिशेस हा सांधा अडून राहतो. सरस केवळ साक्षीदार. खरें काम आकार करतो.

ही युक्ति फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतून निघालेल्या पेट्या आणि सामान यांत हा सांधा आढळतो. तेव्हां त्याचा शोध अमक्यानें लाविला असें म्हणण्याची सोय नाहीं. युरोपांत मात्र त्याच्यावरून हक्काचे तंटे झाले, आणि ते नोंदले गेले. लंडन शहरांत घरें बांधणारे सुतार आणि सामान करणारे जोडारी यांचे दोन वेगळे संघ होते. कोणतें काम कोणी करावयाचें याविषयींचा वाद नगराच्या ज्येष्ठ सभासदांच्या दरबारापुढें गेला, आणि १६३२ सालीं निकाल झाला: डव्हटेलनें सांधलेल्या व सरसानें जोडलेल्या पेट्या आणि कपाटें हीं जोडाऱ्यांचीं कामें ठरलीं. एका सांध्यावरून माणसाची जात ठरावी, कोणाच्या घरीं चूल पेटावी हें ठरावें, ही गोष्ट आपल्या देशांतील वाचकांस नवी वाटणार नाहीं. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत अक्रोडाच्या पातळ पापुद्र्यानें मढविलेलें नाजूक सामान इंग्लंडांत लोकप्रिय झालें. खिळ्यांनीं ठोकलेले जाड ओकचे खण मागें पडले, आणि डव्हटेलचें राज्य सुरू झालें.

हा सांधा हातानें करणारा सुतार काय काय ठरवीत असे, हें पाहणें आपल्या विषयास आवश्यक आहे. गुण्या, खतावणी, बारीक दातांची करवत, पटाशी आणि मोगरी एवढाच त्याचा सरंजाम. पण पहिला घाव घालण्यापूर्वीं त्याला किमान तीन निर्णय करावे लागत. शेपट्या किती? त्यांच्यामधील खुंट्या किती रुंद? आणि शेपटीच्या कडेचा उतार केवढा? उताराच्या बाबतींत परंपरेनें एक मोजमाप घालून दिलें होतें: मऊ लांकडांत सहास एक, कठीण लांकडांत आठास एक. म्हणजे सहा सूत लांबीस कड एक सूत सरकावी, किंवा आठ सुतांस एक सूत. अंशांत सांगावयाचें तर पहिला उतार सुमारें ९॥ अंशांचा आणि दुसरा सातांहून किंचित अधिक. मऊ लांकूड दाबलें जातें, म्हणून त्याला जास्त पकड हवी. कठीण लांकडास थोडी पुरते. उतार फारच वाढविला तर शेपटीचे कोपरे तोकड्या रेषांचे होऊन ठिसूळ बनतात आणि ठोकतांनाच उडतात. फारच कमी केला तर शेपटी ही शेपटी न राहतां साधें कूस होते आणि सांधा सरळ निसटतो. या दोन चुकांच्या मधल्या वाटेनें जाणें हेंच सुताराचें शहाणपण. जे फार तरबेज होते ते खुंट्या इतक्या निमुळत्या कापीत कीं, त्यांच्या टोंकाशीं करवतीचें पातें जेमतेम जाई. तो त्यांचा मान होता. आणि पुढें यंत्रास नेमका हाच मान मोडतां आला नाहीं, तो कसा हें आपण पाहूं.

यंत्राच्या कथेचा आरंभ एका चमत्कारिक हेतूनें होतो. सर सॅम्युएल बेन्थम हा इंग्रज इंजिनिअर कांहीं वर्षें रशियांत नोकरीस होता. त्याचा भाऊ जेरेमी बेन्थम हा प्रसिद्ध तत्त्ववेत्ता. कैद्यांसाठीं एक आदर्श तुरुंग बांधावा आणि तेथें त्यांच्याकडून उपयुक्त काम करून घ्यावें, ही जेरेमीची महत्त्वाकांक्षा होती. परंतु कैदी हे कांहीं शिकलेले सुतार नव्हेत. तेव्हां सुताराच्या हातांतील कसब काढून यंत्रांत घातलें, तर अडाण्याकडूनही तेंच काम करवितां येईल, असा विचार निघाला. सॅम्युएलनें १७९१ आणि १७९३ सालीं पेटंटें घेतलीं. त्यांत लांकूड रंधणें, खोदणें, भोंकें पाडणें, कुसें कापणें यांसाठीं फिरत्या पात्यांचीं यंत्रें वर्णन केलेलीं आहेत. भावाच्या वेस्टमिन्स्टर येथील घरीं यंत्रांचा कारखानाच उभा राहिला. तुरुंग कधीं झाला नाहीं. परंतु फिरतें पातें जगांत आलें तें राहिलें. हें पातें पुढें-मागें जाणाऱ्या करवतीहून मूलतः निराळें आहे: तें स्वतःभोंवतीं फिरतें, आणि जेथून जातें तेथें स्वतःच्या आकृतीची खांच मागें ठेवतें. म्हणजे खांचेचा आकार आतां कारागिराच्या मनगटांत राहिला नाहीं. तो पात्याच्या अंगांत गेला. आमच्या पुढील सर्व विवेचनाची किल्ली या एका वाक्यांत आहे.

आणि येथेंच अडचण आली. गोल फिरणारें पातें गोल आकार सहज कापतें. पण हातकामाच्या खणांत कोपरे टोंकदार असतात. यंत्रानें शेपटीचा कोपरा कसा कापावा? अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत वॉटर्लू नांवाचें गांव आहे. तेथील चार्ल्स नॅप यानें या प्रश्नास मोठें बेडर उत्तर दिलें. त्यानें शेपटीच टाकून दिली. १८६७ सालीं त्यानें ज्या यंत्राचें पेटंट घेतलें तें बाजूच्या फळीच्या टोंकास अर्धचंद्रांची एक रांग कापी, प्रत्येक अर्धचंद्राच्या मध्यें एक भोंक पाडी, आणि पुढच्या फळींत नेमक्या त्या भोंकांत बसणाऱ्या गोल खुंट्या कोरी. सांधा मजबूत होता, सुबक होता. मात्र त्यांत पारवा नव्हता, पाकोळीही नव्हती. तरीही मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील नॉर्थॅम्प्टन येथें हें यंत्र बनविण्यासाठीं जी कंपनी निघाली तिनें आपल्या नांवांत 'डव्हटेलिंग' हा शब्द कायम ठेविला. वस्तु गेली तरी नांव राहतें, याचें हें एक चांगलें उदाहरण. सुधारलेलें यंत्र १८७१ पासून कारखान्यांत चालूं लागलें. हातानें काम करणारा कसबी माणूस दिवसाकाठीं पंधरा-वीस खण पुरे करी. नॅपचें यंत्र दोनशें व त्याहून अधिक करी, असा त्या काळचा हिशेब सांगतात.

हा आंकडा वाचतांना त्या पंधरा-वीस खणवाल्याचें पुढें काय झालें, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. एका यंत्रानें दहा माणसांचें काम केलें. आणि त्या दहा माणसांच्या हातीं पूर्वीं जे तीन निर्णय होते, ते तिन्ही एका पेटंटाच्या नकाशांत कायमचे बंद झाले. यंत्र चालविणारास 'किती, केवढें, कोणत्या उताराचें' असें विचारण्याचें कारणच उरलें नाहीं. बेन्थमनें कैद्यासाठीं जें योजिलें होतें, तें स्वतंत्र माणसाच्या वांट्यास आलें.

तथापि नॅपचें राज्य तीस वर्षांहून फारसें टिकलें नाहीं, आणि तें पडलें तें दुसऱ्या एखाद्या वेगवान यंत्रानें नव्हे, तर लोकांच्या आवडीनें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन गृहस्थांना आपल्या आज्या-पणज्यांच्या काळचें सामान पुन्हा आवडूं लागलें. जुन्या थाटाच्या मेजाचा खण उघडावा आणि आंत अर्धचंद्र दिसावे, हें विशोभित वाटूं लागलें. तोंवर खऱ्या शेपट्या कापणारीं यंत्रेंही तयार झालीं होतीं. १९०० च्या सुमारास अर्धचंद्री सांधा मावळला. आणि आज जुन्या सामानाचे व्यापारी खणाच्या कोपऱ्यांत तो सांधा दिसला, कीं मेज १८७० ते १९०० या काळांतील अमेरिकन आहे असें ताबडतोब सांगतात. इंग्लंडांत याच सुमारास विल्यम मॉरिसच्या शिकवणुकीवर पोसलेली कारागिरांची एक पिढी उदयास आली. अर्नेस्ट गिम्सन आणि बार्न्स्ली बंधु यांनीं खेड्यांत कार्यशाळा घातल्या, आणि जो सांधा शतकानुशतकें पापुद्र्याखालीं व खणाच्या पोटांत लपविला जात असे तो त्यांनीं मुद्दाम दर्शनी बाजूस आणला. यंत्रानें हातकाम दुर्मिळ केलें नसतें, तर त्याची अशी मिरवणूक निघाली नसती.

आतां आपण कारखान्यांतून लहान कार्यशाळेकडे वळूं. कारण पुढील प्रकरण तेथें घडलें. खांच तळाशीं सपाट करण्यासाठीं सुताराजवळ पूर्वींपासून एक हातरंधा असे. त्याच्या लांकडी ठोकळ्यांतून एकच पातें खालीं डोकावे. इंग्रज सुतारांनीं त्याला थट्टेनें 'म्हातारीचा दांत' असें नांव दिलें होतें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत सिरॅक्यूज येथील आर. एल. कार्टर यानें या दांतास वीज जोडली. न्हाव्याच्या विजेच्या कातरयंत्राचा एक भाग घेऊन त्याचें पातें बनविलें, आणि तें मोटरीच्या दांड्यावर बसविलें, अशी त्याची हकीकत सांगतात. त्याचा धंदा १९२९ मध्यें स्टॅन्ले कंपनीनें विकत घेतला. हेंच तें यंत्र ज्याला आज आपल्याकडील सुतारही 'राउटर' म्हणतात. आणि त्यांत बसविण्याच्या पात्यास 'बिट' म्हणतात. म्हातारीचा दांत आतां मिनिटास हजारों फेरे घेऊं लागला, आणि पाहिजे तेव्हां काढून दुसरा बसवितां येऊं लागला.

राउटर हातांत धरावयाचा असतो. आणि हात थरथरतो. म्हणून त्याला वाट दाखविणारा एक सांचा लागतो, त्याला 'जिग' म्हणतात. धातूच्या पट्टीला बोटें असतात. राउटरच्या बुडाशीं असलेलें लहान कडें त्या बोटांच्या कडेकडेनें फिरतें, आणि खालीं बिट लांकूड कापतें. खणाच्या नेहमींच्या जिगमध्यें पुढची फळी आडवी आणि बाजूची फळी उभी अशा दोन्ही एकदमच आंवळतात, आणि एकाच बिटानें, एकाच फेरींत, शेपट्या आणि खांचा दोन्ही कापून निघतात. यासाठीं सर्रास वापरलें जाणारें बिट टोंकाशीं अर्धा इंच रुंद व १४ अंश उताराचें असतें. पुष्कळ जिगांबरोबर हें एकच बिट मिळतें. आणि पुष्कळ माणसें जन्मभर तेंच वापरतात.

हा १४ अंश कोठून आला? परंपरेच्या सहास एकाहून तो बराच तीव्र आहे. जवळजवळ चारास एक. कारण असें कीं, अशा खणाच्या सांध्याची खोली थोडी, सुमारें तीन सूत. एवढ्याशा खोलींत सात अंशांच्या उतारानें पकड फारच थोडी मिळेल. म्हणून उतार वाढविला. येथवर ठीक. पण हेंच बिट जाड फळ्यांच्या आरपार सांध्यासाठीं घेऊं गेलें, तर काय होतें पाहा. बिट टोंकाशीं चार सूत रुंद आहे. १४ अंशांनीं तें वर येतां येतां प्रत्येक बाजूस चारास एक या प्रमाणांत आंत येतें. तीन सूत खोलीस दोन्ही बाजू मिळून दीड सूत गेलें; मान अडीच सूत राहिली. पण खोली आठ सूत, म्हणजे पुरा एक इंच केली, तर प्रत्येक बाजूस दोन सूत, दोन्ही मिळून चार सूत जातें. आणि मान उरतच नाहीं! असें बिट कोणी घडवूंच शकत नाहीं. तेच आठ अंशांचें बिट घेतलें तर त्याच एक इंच खोलीस मान पावणेदोन सूत राहते. म्हणून जाड फळीस कमी उताराचें बिट हवें: येथें परंपरा आणि पोलादाची ताकद या दोघींचें एकमत होतें. जुना सुतार लांकडाच्या स्वभावावरून सात-आठ अंशांवर आला होता. नवा सुतार बिटाची मान मोडूं नये म्हणून तेथेंच परत येतो.

आणि निमुळत्या खुंट्यांचा तो मान? दोन शेपट्यांमधील जागा बिटानेंच कापली जाते. म्हणजे ती जागा बिटाच्या मानेहून अरुंद होऊंच शकत नाहीं, आणि तिच्यांत बसणारी खुंटीही नाहीं. करवतीच्या एका पात्याएवढी खुंटी कापणें हें आजही हाताचेंच काम आहे. यंत्र जेथें थांबतें ती रेषा अशी गणितानें दाखवितां येते. तेथें भावनेचा प्रश्न नाहीं.

शेपट्यांचें अंतर आणि रुंदी मात्र यंत्रानें कालांतरानें परत केली. १९७० नंतरच्या दशकांत डेव्हिड केलर या अमेरिकन कारागिरानें आरपार सांध्यासाठीं दोन पट्ट्यांचा साधा सांचा केला. एका पट्टीनें शेपट्या कापावयाच्या, दुसरीनें खुंट्या. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं कॅनडांत केन ग्रिस्ली यानें ज्याचीं बोटें एकेक करून पाहिजे तेथें सरकवितां येतात, असा जिग काढला. आरपार सांध्यास दोन बिटें लागतात: शेपट्यांसाठीं उताराचें, खुंट्यांसाठीं सरळ. आणि उताराचें बिट कोणतें हें जिगच्या बोटांशीं, फळीच्या जाडीशीं, लांकडाच्या जातीशीं जुळवून ठरवावें लागतें. म्हणजे 'किती, केवढें, कोणत्या उताराचें' हे तिन्ही प्रश्न, जे नॅपनें पेटंटांत कोंडले होते, ते शंभरावर वर्षांनीं पुन्हा माणसापुढें येऊन उभे राहिले. फरक एवढाच कीं, पूर्वीं तो त्यांचें उत्तर करवतीनें देत असे. आतां दुकानाच्या फळीपुढें उभा राहून बिट निवडतांना देतो.

बिटाची धातूही निवडावी लागते, आणि तिचाही इतिहास आहे. साधें पोलाद वेगानें फिरलें कीं तापतें आणि नरम पडतें. अमेरिकेंतील बेथलहेमच्या कारखान्यांत टेलर आणि व्हाइट यांनीं तापूनही धार न सोडणारें पोलाद सिद्ध केलें; १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत तें पाहून जगांतील इंजिनिअर थक्क झाले. पुढें जर्मनींत टंग्स्टनच्या कर्बिताची चूर्ण दाबून घडविलेली अतिकठीण धातु निघाली; क्रुप कंपनीनें १९२६ मध्यें ती बाजारांत आणली आणि तिचें नांव 'विडिया' ठेविलें, जर्मन भाषेंत 'हिऱ्यासारखें' या अर्थाच्या शब्दांवरून. आपल्याकडील लेथवर काम करणारे कारागीर अजून कोणत्याही कंपनीच्या कार्बाइडला विडियाच म्हणतात. पोलादास धार अधिक तीक्ष्ण लागते; कार्बाइडची धार टिकते, पण तें ठिसूळ असतें. आपल्या सागवानांत सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश. त्यामुळें साध्या पोलादाची धार लवकर जाते. प्लायवुडांतील चिकट द्रव्यही तेंच करतें. म्हणून आपल्या देशांत कार्बाइडच बहुधा सोईचें. परंतु खोल व बारीक मानेच्या बिटांत ठिसूळपणा नडतो, आणि तेथें पोलादाचा विचार करावा लागतो. एकच उत्तर सर्वांस पुरत नाहीं.

आमचा खण दुरुस्तीस नेला त्या कार्यशाळेंत हीं सर्व बिटें एका जुन्या डब्यांत तेलाच्या फडक्यांत गुंडाळलेलीं होतीं. आमची उत्सुकता पाहून वृद्ध सुतारांनीं एक रद्दी तुकडा जिगमध्यें आंवळला आणि राउटर आमच्या हातीं दिला. दोन खांचा नीट कापल्या. तिसऱ्यांत शिरल्यावर आम्हीं, कां कोण जाणे, राउटर मध्येंच वर उचलला. क्षणांत फळीचा ढलपा उडाला आणि सांच्याच्या बोटावर ओरखडा उठला. आम्ही ओशाळलों. ते शांतपणें म्हणाले, "राव, हा दांत खालीं रुंद आहे. वर काढाल तर येतांना सगळं घेऊन येईल. ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं मागं आणायचा."

मग त्यांनीं बिट कागदाच्या जाडीइतकें खालीं उतरविलें, नव्या तुकड्यावर कापलें, जोडून पाहिलें. सांधा फारच घट्ट. अर्धा कागद वर घेतलें. आतां मोगरीच्या दोन टोल्यांनीं बसला. बिट खोल गेलें म्हणजे खांचेचें तोंड अरुंद होतें आणि सांधा आंवळतो. वर आलें म्हणजे सैल पडतो. हें गणित आम्हांस घरीं येऊन कागदावर मांडावें लागलें. त्यांनीं कधीं मांडलें नसावें. पण त्यांच्या बोटांस तें पाठ होतें. तरुणपणीं दहा वर्षें हेच सांधे आपण पटाशीनें कापले, असें त्यांनीं बोलतां बोलतां सांगितलें. त्यांच्या शेजारीं काम करणाऱ्या तरुणास आम्हीं विचारलें, १४ अंशांचेंच बिट कां? तो म्हणाला, "जिगसोबत तेंच आलं."

या दोन उत्तरांत आमच्या विषयाचें सार आहे. दोघांच्या हातांत यंत्र तेंच होतें, आणि दोघांचा खण बहुधा सारखाच टिकेल. परंतु एकजण निवडीत होता. दुसऱ्यासाठीं निवड अगोदरच होऊन गेली होती, आणि ती झाली आहे हेंही त्याला ठाऊक नव्हतें. यंत्र कारागिराचा निर्णय नाहींसा करीत नाहीं. तें त्याला मागें सरकवितें, कामाच्या आधींच्या एका शांत घटकेंत नेऊन ठेवतें. ती घटका ज्याच्या लक्षांत येते तो यंत्र चालवीत असूनही कारागीर राहतो. ज्याच्या लक्षांत येत नाहीं, त्याच्यासाठीं कोणीतरी दूरचा माणूस ती वापरतो. आणि ती ओळखावयास शिकविणारीं माणसें हीं बहुधा तींच असतात ज्यांनीं एकदां तरी पटाशीनें काम केलें आहे. अशीं माणसें आतां थोडीं आहेत. त्या तरुणास दोष देण्याचें कारण नाहीं. त्याला हें कोणी सांगितलें नव्हतें, एवढेंच. आम्ही निघालों तेव्हां वृद्ध सुतार डब्यांतून आठ अंशांचें बिट काढून त्याच्या हातीं देत होते.

आमचा खण त्यांनीं खालच्या कडेस दोन हात रंधा मारून परत दिला. कोपऱ्यास हात लावला नाहीं. त्याची जरूर नव्हती. मेजांत सरकविण्यापूर्वीं आम्हीं त्या चार असमान शेपट्या पुन्हा पाहिल्या. हें मेज कोणीं केलें हें आमच्या घरांत कोणास ठाऊक नाहीं. पण तिसरी शेपटी जरा रुंद ठेवावी असें त्याला वाटलें होतें. तेथें लांकडांत एक बारीकशी गांठ आहे.